ज्याची चावी त्याचा पाय

लिफ्ट अडकली होती पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये. त्यात विशेष काही नव्हतं. लिफ्टला अडकायचंच असलं की ती अशीच अडकते, धड ना इकडे धड ना तिकडे. आत एक बाई होत्या, हातात दुधाच्या पिशव्या होत्या आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. लिफ्ट बसवणाऱ्यांपासून इमारत बांधणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार चालला होता. सहाव्या मजल्यावर उभं राहून त्याने तिकोनी चावी दाराच्या भोकात घातली, फिरवली आणि दार बाजूला सारलं. कमरेइतकी खाली लिफ्टची फरशी दिसली, बाईंचा वर केलेला चेहरा दिसला. आता फक्त उतरायचं होतं. अर्धं आयुष्य त्याने हेच केलं होतं. काठावर बसायचं, पाय सोडायचे, आपलं वजन आधी टाकायचं, लिफ्ट भार घेते का ते बघायचं, मग वळायचं आणि अडकलेल्या माणसांना हात द्यायचा. हे करताना तोंडाने एकीकडे म्हणत राहायचं, सावकाश, सावकाश. या एका शब्दापायी कामावर सगळे त्याला सावकाश म्हणूनच हाक मारत, इतकी वर्षं की खऱ्या नावाने कुणी पुकारलं तर हा कोण बुवा, असं त्यालाच वाटायचं.

तर सावकाश काठावर बसला, त्याने पाय सोडले, आणि पुढे काही होईना. पाय नुसते लोंबकळत राहिले. बाईंनी विचारलं, अहो, येताय ना? तो येत नव्हता. तळहाताखाली दाराची धातूची पट्टी होती, गार, आणि त्याच्या मनात एवढंच येत होतं की ही गार कशी, ही तापलेली पाहिजे, हाताला चटका बसला पाहिजे. खाली बाईंचा चेहरा होता आणि त्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. वर बघणारं, आता हा येईल म्हणून वाट बघणारं माणूस त्याला त्या क्षणी नको होतं. मागून त्याचा जोडीदार म्हणाला, "सरक जरा." जोडीदाराला सगळे पैलवान म्हणत, कारण तो फुंकर मारली तर उडून जाईल असा होता. पैलवान त्याच्या बगलेतून खाली उतरला, वळला, आधी दुधाच्या पिशव्या वर दिल्या आणि मग बाई. बाई जाताना म्हणाल्या, या घाबरट माणसाला कशाला ठेवलंय कामावर. पैलवानाने त्यांना सांगितलं की हे नुकतेच त्या विमानातून सुटून आलेत, म्हणून जरा. बाईंचा चेहरा लगेच बदलला. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, त्याचा दंड धरला आणि विचारलं, म्हणजे तुम्ही ते दार उघडणाऱ्याला पाहिलंत का हो?

सगळे हेच विचारत होते. विमान पळवलं गेलं, कुठल्याशा ओसाड धावपट्टीवर उतरवलं गेलं, तिथे ते उन्हात तापत उभं राहिलं, सरकारची बोलणी चालली, फिसकटली, पुन्हा चालली, हे सगळं लोकांना पाठ होतं. पहिल्या दुपारी कुणीतरी पंखावरचं संकटकालीन दार उघडलं आणि वीस-बावीस माणसं पळून सुटली, हेही पाठ होतं. नंतर चिडलेल्या अतिरेक्यांनी मधल्या रांगेतल्या एका गृहस्थाला गोळी घातली आणि बाकीच्यांना दोन दिवसांनी सोडलं. एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती, पण गोष्टी अशा संपत नाहीत. मेलेल्याचं दुःख त्याच्या घरचे करत होते आणि बाकीचं शहर एकाच प्रश्नाला लटकलं होतं. दार उघडलं कुणी? कुणी म्हणे तो साध्या वेशातला लष्करातला माणूस होता. कुणी म्हणे तो त्यांच्यातलाच होता, ऐन वेळी फुटला, नाहीतर बरोबर तेच दार त्याला कसं माहीत? कुणी म्हणे दाराची कडी आपोआप सुटली, देवाची करणी. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बोलणाऱ्यांचा दोष नव्हता, भीती सगळ्यांनाच वाटली होती आणि ती कुठेतरी खर्च करायला हवी होती.

त्या दिवशी दुपारी डबे उघडले तेव्हा वर्कशॉपमध्येही तेच निघालं. पैलवानाचं म्हणणं होतं की दार उघडणारा भेकड. सगळ्यांत आधी तोच पळाला, हे सुटलेल्या लोकांनीच सांगितलंय. आत बायका होत्या, म्हातारी माणसं होती, आणि हा गडी दार उघडून पहिला बाहेर. शूर असता तर दार धरून उभा राहिला असता आणि बाकीच्यांना पुढे काढलं असतं. शिवाय त्याच्यापायी तो बिचारा गृहस्थ गेला. पळत्याला एक वाट मिळाली, आणि शोधणाऱ्यांच्या तावडीत सापडला तो भलताच. फोरमन एकीकडे जेवत होता. तो जुना माणूस, केबल तुटून पडलेल्या लिफ्टा पाहिलेला. डब्याचं झाकण लावून तो म्हणाला, "तू या धंद्यात आहेस आणि तूच असं बोलतोस? आपल्यात नियम काय आहे? ज्याची चावी त्याचा पाय. दार उघडणाऱ्याने आधी स्वतः जायचं. पलीकडे फरशी आहे का खड्डा आहे, ते दुसऱ्याला पुढे ढकलून बघायचं काय? तो पुढे गेला म्हणून पळाला होत नाही. पुढे गेला, म्हणून मागच्यांना कळलं की पाय ठेवायला जागा आहे." सावकाशच्या छातीत काहीतरी सैल झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला वाटलं की कुणीतरी आपल्या बाजूने उभं आहे, आणि त्याला रडू फुटेल की काय अशी भीती वाटली. तेवढ्यात पैलवान म्हणाला की आपला सावकाश त्या दारापाशी असता तर त्याने सगळ्यांना एकेक करून उतरवलं असतं, सावकाश आजी, सावकाश मावशी करत, आणि तोवर अतिरेकी म्हातारे होऊन मेले असते. सगळे हसले. फोरमनही हसला. सावकाशही हसला, कारण न हसून सांगणार कुणाला? त्या खिदळण्यात त्याला इतकं एकटं वाटलं की हातातला घास तसाच डब्यात ठेवून तो हात धुवायला उठला.

कारण दार त्यानेच उघडलं होतं.

नळाखाली हात धरून तो उभा राहिला. फोरमनने नियम सांगितला होता तो खरा होता, पण अर्धा होता. ज्याची चावी त्याचा पाय, हे पहिलं. मग वळायचं आणि हात द्यायचा, हे दुसरं. पहिलं माणूस सवयीने करतो. दुसरं करतो की नाही यावरून ते पहिलं काय होतं हे ठरतं. फोरमनला गृहीतच होतं की तो वळला असेल, आणि तेवढ्यात गर्दीने त्याला लोटलं असेल. त्याच्या धंद्यातला कुठलाही माणूस हेच धरून चालला असता. न वळणारा लिफ्टवाला त्यांनी पाहिलाच नव्हता. सावकाशने मात्र तो आतून पाहिला होता, त्याच्या कातडीच्या आत बसून, आणि आता रोज त्याच्याच कातडीत झोपत होता, उठत होता आणि कामावर येत होता.

विमानात बसायची ही दोघांची पहिलीच वेळ. दोघं म्हणजे तो आणि त्याची थोरली बहीण. ताईचे गुडघे गेलेले, दूरच्या शहरातल्या डॉक्टरला दाखवून परत यायचं होतं, आणि रेल्वेचा लांबचा प्रवास तिला झेपणार नाही म्हणून विमानाचा हट्ट त्यानेच धरला होता. ताई म्हणाली होती, हात दाखवून अवलक्षण कशाला, पडत-झडत जाऊ गाडीनेच. त्याने ऐकलं नाही. त्यांना जागा मिळाली होती ती पंखाजवळच्या दाराची. हवाई सुंदरीने येऊन त्याला विचारलं होतं, वेळ आली तर हे दार उघडाल का? त्याला हसूच आलं. जन्मभर दारंच उघडत आलो, तो म्हणाला, आणि समोरच्या खिशातला चित्रांचा कागद काढून त्याने तो असा वाचला की जणू नवीन लिफ्टचा आराखडा आहे. कडी वर ओढायची, दार आत घ्यायचं, बाहेर फेकायचं, पंखावर पाय ठेवायचा, मागच्या बाजूने घसरायचं. ताईचे गुडघे पाहून हवाई सुंदरीने तिला मात्र तिथे बसू दिलं नाही. उठवून मागच्या रांगेत बसवलं, बरोबर त्याच्या पाठीमागे. ताई कुरकुरली, मग दोन खुर्च्यांच्या फटीतून बोट घालून तिने त्याच्या खांद्याला टोचलं आणि विचारलं, काय रे धाकट्या, दार पळून तर नाही ना गेलं?

ते बोट नंतर तिथेच राहिलं. बंदुका निघाल्या, ओरडाआरडा झाला, सगळ्यांना डोकी खाली घालायला लावली, विमान वळलं, कुठे ते कुणाला कळेना, आणि त्या सगळ्या वेळात त्या फटीतून ताईचं एक बोट त्याच्या शर्टाला टेकलेलं होतं. ती काही बोलत नव्हती. बोलायला मनाईच होती. लहानपणी आई गेल्यावर तो अंधारात घाबरायचा, तेव्हा ताई त्याच्या अंथरुणात यायची नाही, म्हणायची एवढं लाडावून चालणार नाही, पण आपल्या अंथरुणातून हात लांब करून एक बोट त्याच्या पाठीला लावून ठेवायची. झोप लागली की काढून घ्यायची. तेव्हा ती स्वतः काय मोठी होती, परकर सावरत चूल सांभाळणारी पोर. पुढे टेलिफोनच्या कचेरीत लागली, त्याला शिकवायला बघितलं, तो शिकला नाही, मग म्हणाली, निदान हाताला काम शीक. स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. विचारलं की म्हणायची, लाइन बिझी होती. टेलिफोनवालीचा विनोद. तो हसायचा, आणि हसून झाल्यावर त्याला कळायचं की ही लाइन आपणच अडवून ठेवली होती. त्याचंही लग्न झालं नाही, त्याला कारण काही नव्हतं, तसंच राहिलं. दोघं एका घरात एकमेकांची सवय होऊन राहत होते.

धावपट्टीवर विमान उभं राहिलं आणि आतली हवा बंद पडली. ऊन पत्र्यातून आत उतरायला लागलं. पोरं रडून रडून थकली, मग त्यांचं रडणंही बंद झालं आणि ते जास्त वाईट होतं. पुढच्या पडद्यापलीकडे अतिरेक्यांचं आपसात काहीतरी वाजलं, आवाज चढले, मागे पहारा देणाराही पुढे धावला. गल्ली मोकळी झाली. सावकाशने ते पाहिलं आणि त्याच्या हाताने ठरवलं. त्याने काहीच ठरवलं नाही, हे तो शपथेवर सांगायला तयार होता, पण विचारणार कोण? हात कडीवर गेला, कडी वर आली, दार आत आलं आणि बाहेर गेलं, आणि पांढऱ्या उन्हाने डोळे मिटले. मग पाय. ज्याची चावी त्याचा पाय. पंखाचा पत्रा इतका तापला होता की टेकलेल्या तळहाताची सालं निघाली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. इथपर्यंत तो कामावर होता. पाय ठेवला, पंखाने भार घेतला, आता वळायचं. दार त्याच्या मागे हातभरावर होतं. दारातून वाकून ताईचं मनगट धरणं म्हणजे काय, रोजचं काम. तिच्या गुडघ्यांनी तिला वेळ लागला असता, पण त्याने शंभर वेळा जाडजूड माणसं कमरेइतक्या खोलीतून वर ओढली होती. वळायला कितीसा वेळ लागतो?

तो वळला नाही. शर्टावरचं बोट निसटलं ते त्याला कळलं होतं, एवढं त्याला नक्की आठवत होतं, आणि बाकी काही आठवत नसतं तरी चाललं असतं. तो पंखाच्या मागच्या कडेवरून घसरला, खाली पडला, एक बूट वर राहिला, आणि तो पळत सुटला. जीव मुठीत धरून पळतात म्हणतात, पण मुठीत काहीच नव्हतं, डोकं रिकामं होतं, नुसते पाय होते. वाळलेलं गवत होतं, काटे होते, मागे माणसं उतरत होती, पळत होती, कुणी त्याला मागे टाकून पुढे गेलं. मग गोळ्यांचे आवाज आले आणि दुरून मोठे कर्णे ओरडायला लागले. शिपायांनी त्याला जमिनीवर पाडलं तेव्हा त्याने पहिल्यांदा मान फिरवून बघितलं. दाराची वाट आतून कशानेतरी बंद केलेली होती.

त्या दाराकडे बघत त्याने दोन दिवस काढले, लांबून, एका शेडमधून, सुटलेल्यांच्या आणि नातेवाइकांच्या घोळक्यात. तपास करणारे साहेब आले, विचारलं, दार कुणी उघडलं? तो म्हणाला, उघडं दिसलं म्हणून पळालो. सगळ्यांनी हेच सांगितलं, आणि त्यांचं खरं होतं. संध्याकाळी कळलं की आत एकाला मारलं. बाई की पुरुष, कळेना. रात्रभर तो प्रार्थना करत राहिला की पुरुष असो, आणि पुरुषच निघाला. त्या गृहस्थांची बायको त्याच शेडमध्ये होती, त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून. त्यानंतर त्याने कसलीच प्रार्थना केली नाही. बोलणी जमली, बाकीच्यांना सोडलं, आणि ताईला चाकाच्या खुर्चीतून आणलं तेव्हा तिचे गुडघे उशीएवढे सुजले होते. तो पुढे झाला. आता ती काय म्हणेल, एवढ्या एका गोष्टीसाठी त्याने श्वास धरून ठेवला होता. ताईने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, बूट कुठे गेला तुझा?

तेव्हापासून आजपर्यंत त्या विषयावर एक अक्षर नाही. ताई बोलत नव्हती असं नव्हे, ती नेहमीसारखीच बोलत होती, आणि तेच तर असह्य होतं. दूधवाला पाणी घालतो, खालच्या शिंपिणीने ब्लाउजचा गळा बिघडवला, गुडघ्याच्या तेलाला वास येतो. तिने रागावून भांडी आपटली असती, तर तो म्हणाला असता, बरं झालं, एकदाचं फुटलं. ती रडली असती, तर त्याने पाय धरले असते. ती त्याच्या ताटात नेहमीएवढंच वाढत होती. तिने पाहिलं होतं की नाही? ती बरोबर मागे होती, तिने त्याची पाठ जाताना पाहिलीच असणार. का डोळे मिटलेले होते? का डोकं खाली होतं? जगाने त्याला शूर ठरवलं काय आणि भेकड ठरवलं काय, त्याला काही देणंघेणं नव्हतं. या पृथ्वीवर एकच माणूस होतं जे त्याचा न्याय करू शकत होतं, आणि ते समोर बसून शेंगा सोलत होतं. विचारायचं धाडस त्याच्यात नव्हतं. विचारल्यावर ती हो म्हणाली, तर या घरात राहायचं कसं? आणि नाही म्हणाली, तर ते खरं मानायचं कसं? कामावरून आल्यावर तो ताईच्या खुर्चीच्या मागून कधी जात नसे. ती त्याच्या मागून गेली की त्याच्या खांद्याची कातडी आपोआप ताठ व्हायची, वाट बघायची. बोट काही टेकायचं नाही.

त्या दिवशी तो कामावरून लवकर घरी आला. लिफ्टच्या काठावर बसल्याचं ताईला सांगावं असं वाटेभर वाटत होतं. पण घरात आधीच बैठक भरलेली. समोरचे बँकवाले आले होते, निवृत्त झाल्यापासून सगळ्या जगाचा हिशेब त्यांच्याकडे होता. खालची शिंपीण ब्लाउज दुरुस्त करून घेऊन आली होती आणि टेकली होती ती उठायचं नाव घेत नव्हती. बँकवाल्यांनी बातमी आणली होती. सरकार दार उघडणाऱ्याचा सत्कार करणार म्हणे, आणि हे जाहीर होताच तिघंजण पुढे आलेत, तिघंही म्हणतात दार मीच उघडलं. यावर शिंपीण हसली. सत्काराला तिघं, आणि त्या गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन सांगायला एकही नाही, ती म्हणाली. तिला त्या माणसाचा फार राग होता. जीव सगळ्यांनाच प्यारा असतो, पण दार उघडून पळालास ना, मग मागे राहिले त्यांचं काय झालं ते बघायला तरी तोंड दाखव. बँकवाले म्हणाले की भावनेत जाऊन चालत नाही. वीस-बावीस माणसं वाचली, एक गेला, जमाखर्च मांडला तर माणूस थोरच. शिंपीण म्हणाली, तुमच्या जमाखर्चात आमच्या ताई कुठल्या बाजूला धरल्यात? सावकाश दारातच उभा होता, बूट न काढता. त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता बाहेर जावं, पण पाय तिथेच राहिले, सकाळसारखे.

मग जे इतके दिवस कुणी ताईला समोरासमोर विचारलं नव्हतं, ते बँकवाल्यांनी विचारलं. तुम्ही तर त्या दाराच्या जवळच होतात म्हणता. तुम्हाला दिसलं असेल की.

ताईने मांडीवरच्या ताटातली टरफलं गोळा केली. सावकाशकडे तिने बघितलं नाही. "दिसलं ना," ती म्हणाली. "याने उघडलं."

शिंपिणीचा हात तोंडावर गेला.

"आमच्या धाकट्याने," ताई म्हणाली. "मीच त्याला म्हटलं, तू पुढे हो, माझ्यासाठी थांबू नकोस, माझे गुडघे काही या खिडकीतून जायचे नाहीत. तो तयार नव्हता. मी रागावले तेव्हा गेला. त्याला सांगायचं नव्हतं कुणाला, म्हणून मीही बोलले नाही. पण आता तिघं तिघं उभे राहायला लागले, तर खरं काय ते सांगितलेलं बरं."

पुढचं सगळं त्याला पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकू आलं. बँकवाले उठले, त्यांनी त्याचे दोन्ही हात धरून हलवले, काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आमच्या समोरच्या घरात, आमच्या समोरच्या घरात. उद्याच्या उद्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊ, माझी ओळख आहे. शिंपिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, मला माफ करा हो दादा, मी नको नको ते बोलले, तुम्हाला केवढं लागलं असेल. बहिणीला मागे ठेवून जाताना तुमच्या काळजाचं काय झालं असेल, ते तुमचं तुम्हालाच ठाऊक. तो काहीतरी पुटपुटला. त्यांना ते विनय वाटलं. जाताना बँकवाल्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, बरोबर खांद्याखाली, आणि त्याला शिसारी आली.

दोघं गेल्यावर घर शांत झालं. ताई भिंतीला धरून उठली, ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली, तिच्या पावलांचा आवाज एक हलका आणि एक जड असा जात राहिला. त्याने बूट काढले. तिचे आभार मानावेत का? तिने आपल्याला वाचवलं होतं, चारचौघांत, एका दमात, आणि इतकं सुबक खोटं जन्मभर फोनवर बोलणाऱ्या बाईलाच जमावं. उद्या फोरमन पैलवानाला म्हणेल, बघ, मी काय सांगत होतो. पैलवान कान धरेल. सगळं छान होईल. आणि जर ते खोटं नसेल तर? हा विचार त्याला उभ्याउभ्या आला आणि तो भिंतीला टेकला. तिने खरंच म्हटलं असेल, हळू आवाजात, खुर्चीच्या फटीतून, आणि त्या गडबडीत आपल्याला ऐकू आलं नसेल, पण पायांना आलं असेल. असं होऊ शकतं. असं होत असेल. त्याने आयुष्यात कधी कुठली गोष्ट इतकी मागितली नव्हती. तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. ताई त्याच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होती, शेंगदाणे डब्यात भरत होती.

"सकाळचं उरलंय थोडं," ती म्हणाली. "तेच गरम करते. पुरेल ना?"

"पुरेल," तो म्हणाला. मग बराच वेळ तो तिच्या पाठीकडे बघत राहिला, पांढऱ्या केसांच्या लहानशा अंबाड्याकडे, एका बाजूला कललेल्या खांद्याकडे. कुणाकडे असं मागून बघत राहणं काय असतं, हे त्याला आत्ता कळत होतं.

"ताई," तो म्हणाला, "तू तसं काही म्हणाली नव्हतीस ना?"

तिने डब्याचं झाकण लावलं. वळली नाही. आवाज नेहमीचाच होता, त्यात राग नव्हता, लहानपणी अंथरुणातून बोलायची तसा.

"म्हणणारच होते रे, धाकट्या. तेवढं ऐकायला तू थांबला नाहीस."